साहेब, त्या रकान्यात ‘निरंक’ लिहू नका

प्रति,
आमच्या तापीच्या पाण्याचा, वाळूचा आणि मासेमारीचा कारभार बघणारे सगळे साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

मी खानदेशातल्या तापीकाठच्या एका गावची मुलगी. गावाचं आणि डोहाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तुमच्या फाइलवर ते आहेच आणि बाकीच्यांना कळलं तर उद्या सकाळी तिथे चार जाळी जास्तीची पडतील.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसभेत डोहाच्या खोलीकरणाचा प्रस्ताव वाचून दाखवला गेला. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की पोकलेन उतरवणार, तळातला गाळ आणि वाळू काढणार, खडक आडवा आला तर तोही फोडणार. लोकांनी हात वर केले. माझ्या वडिलांनीही केला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, आमची केळी त्याच डोहावरच्या मोटरीवर उभी आहे. मी नंतर प्रस्तावाची प्रत बघायला मागितली. त्यात पाहणीचा तक्ता होता, झाडं किती, विहिरी किती, देऊळ आहे का, स्मशानभूमी किती लांब, सगळं व्यवस्थित भरलेलं. शेवटून दुसरा रकाना ‘जलचर’. त्याच्यापुढे एकच शब्द, ‘निरंक’, म्हणजे काहीच नाही.

साहेब, तो शब्द वाचल्यापासून मला चैन नाही. कारण नोव्हेंबर ते मार्च मी त्याच डोहात ३८ वेळा उतरलेय आणि माझ्याकडे खालचे फोटो आहेत.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगते, म्हणजे ही कोण बाई असं वाटायला नको. मी समुद्री जीवशास्त्रात एमएस्सी केलंय, डायव्हिंग तारकर्लीला शिकले आणि नंतर मालवणच्या बाजूला प्रवाळांच्या कामावर होते. खानदेशातली मुलगी समुद्राचं शिकते याचं नातेवाइकांना अजूनही नवल वाटतं, पण मला पाण्याचं वेड लावलं ते याच डोहाने, समुद्र मी पहिल्यांदा बघितला तो कॉलेजला गेल्यावर. यंदा वडिलांचं ऑपरेशन झालं म्हणून दिवाळीला घरी आले आणि मुक्काम वाढत गेला. सामान सोबत होतं, मग म्हटलं की कोकणातल्या प्रत्येक खडकाचे फोटो काढतो आपण, आणि ज्या पाण्यात पोहायला शिकलो त्याचा तळ एकदाही बघितला नाही.

आता हे काम मालवणसारखं सोपं नव्हतं. सिलिंडर भरून द्यायला आमच्याकडे जवळपास कुठे कॉम्प्रेसर नाही, सहा सिलिंडर ओळखीच्या टेंपोने मुंबईकडून यायचे आणि रिकामे तसेच परत जायचे, त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळा मी फक्त मास्क, फिन्स आणि छातीत भरलेल्या श्वासावर खाली गेलेय. एकटीने कधीच उतरले नाही. मावसभाऊ काठावर दोरी धरून बसायचा, एक झटका म्हणजे ठीक आहे, तीन झटके म्हणजे ओढ. गोड्या पाण्यात माणूस समुद्रापेक्षा कमी तरंगतो म्हणून कमरेचं शिसं कमी करावं लागलं. सरपंचांना आणि पोलीस पाटलांना लेखी कळवून ठेवलं होतं. आमच्या गावचे एक म्हातारे भोई बाबा आहेत, पन्नासएक वर्षं याच पाण्यावर जगलेत, ट्यूबवर बसून जाळं टाकतात, ते रोज सोबत यायचे आणि कुठे उतरायचं ते सांगायचे. वर आल्यावर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांना फोटो दाखवले की ते प्रत्येक माशाचं नाव, तो कुठे बसतो, काय खातो, सगळं सांगायचे. एकदा म्हणाले, “पोरी, पानीमा काय शे ते आमले माहीत शे, पन साहेबले कोन सांगी?”

म्हणून हे पत्र.

नोव्हेंबरात पाणी पावसाळ्याच्या गाळाने भरलेलं होतं, हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. पाणी किती स्वच्छ आहे ते मोजायला एक काळी-पांढरी थाळी असते, २० सेंटिमीटरची, ती दोरीने खाली सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते मोजायचं. सुरुवातीला ती ४० सेंटिमीटरवरच हरवायची. जानेवारीत, गाळ खाली बसला तेव्हा, तीच थाळी पावणेदोन मीटरवर दिसली. मालवणचा डायव्हर याला घाण पाणी म्हणेल, पण मला तेवढं पुरलं. अशा पाण्यात फ्लॅश समोरून मारला की गाळाचा कण न् कण चमकतो आणि फोटो राख उडाल्यासारखा येतो, म्हणून दोन्ही दिवे लांब बाजूला धरायचे आणि वस्तूच्या अगदी वीतभर जवळ जायचं. चार मीटरवर सगळं हिरवं-काळं दिसतं कारण पाणी आधी लाल रंग गिळतं. दिवा लावला की मग खरे रंग कळतात.

आणि दिवा लावल्यावर काय दिसलं ते सांगते.

डोहाच्या पूर्वेला जो काळा खडक पाण्यात उतरतो, जो तुम्ही फोडणार आहात, त्याच्या खालच्या अंगाला हाताच्या पंजाएवढे हिरवट-पिवळट पापुद्रे चिकटलेले आहेत. वरून बघणाऱ्याला ते शेवाळ वाटेल, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मॅक्रो लेन्सने बघितलं तर त्यावर बारीक बारीक छिद्रं, आणि पाण्यातला गाळाचा एक कण त्या छिद्राकडे हळूच ओढला जाताना मी डोळ्यांनी बघितला. तो स्पंज आहे. गोड्या पाण्यातला स्पंज, जिवंत प्राणी, दिवसभर पाणी आत घेऊन गाळून बाहेर सोडणारा. फेब्रुवारीच्या शेवटी त्याच पापुद्र्यांच्या मुळाशी खसखशीच्या दाण्याएवढे गोल दाणे तयार झाले होते. पाणी आटलं आणि स्पंज मेला तरी ते दाणे उन्हात टिकून राहतात आणि पाणी परत आलं की त्यातून नवा स्पंज उगवतो. आमच्या खानदेशचं ऊन सोसून टिकणारा जीव आहे तो, साहेब. पण पोकलेनच्या ब्रेकरपुढे नाही टिकणार. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया १९१६ साली सुरू झाली, तिचे पहिले संचालक ॲनंडेल यांनी शंभर वर्षांपूर्वीच आपल्या देशातल्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर बारकाईने काम करून ठेवलंय, सातारा भागातल्या नद्यांमधला गोड्या पाण्यातला जेलीफिशसुद्धा त्यांनीच जगापुढे आणला. तेव्हा कॅमेरे नव्हते, सिलिंडर नव्हते. आज सगळं आहे आणि आपण निरंक लिहितो.

खडकाच्या पुढे वाळूचा उतार आहे. त्या वाळूवर बोटाने रेघ ओढावी तशा रेघा दिसतात. रेघेच्या टोकाशी अर्धवट रुतलेला शिंपला असतो, तो तसा चालत आलेला असतो. एका सकाळी चटईएवढ्या जागेत मी २३ मोजले. शिंपला पाणी गाळतो हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असेल, पण त्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणजे मासे गेले की काही वर्षांनी शिंपलेही जाणार, हे प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं. ही वाळू उचलली की ते सगळे डंपरमध्ये जातील आणि कोणाच्या तरी स्लॅबमध्ये बसतील.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली एक सकाळ तर मी विसरणार नाही. लव्हाळ्याच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात, केशरी रंगाचा एक ढग हलत होता. नारळाएवढा. जवळ गेले तर ती मरळीची पिल्लं, शेकड्याने, एकमेकांना चिकटून, एकदम वर यायची, हवेचा घोट घ्यायची आणि एकदम खाली जायची. आणि त्यांच्या बरोबर खाली, लव्हाळ्याच्या सावलीत, माझ्या हाताएवढी लांब मरळ स्थिर उभी. मी कॅमेरा थोडा पुढे केला तशी ती पिल्लांच्या आणि माझ्या मधे आली. पळून नाही गेली. मी मागे सरकले आणि तेवढा एकच फोटो काढून बाहेर आले. भोई बाबांनी तो फोटो बघितला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पिलावळवाली मरळ धरायची नाही असं आमचा बाप सांगायचा.

सगळं चांगलंच आहे असं मी म्हणत नाही. तळावर जागोजागी ताटाएवढे खोलगट खड्डे आहेत ते चिलापीचे आहेत, हा मासा १९५२ मध्ये बाहेरून आपल्या देशात आणला आणि आता तो सगळीकडे पसरलाय. बाबा ज्या महासीरच्या गोष्टी सांगतात तो मला एकदाही दिसला नाही. पण वाम दिसली, शिंगाळा दिसला, कोळंबी दिसली, छोटे खवल्यांचे मासे तर थव्याने. खालच्या बाजूला १९७२ पासून उकाई धरण आहे, वरच्या बाजूला १९८२ पासून हतनूर धरण, मधे बंधारे. मुलताईपासून सुरतेपर्यंत ७२४ किलोमीटरची नदी, पण उन्हाळ्यात ती नदी राहत नाही, तुकडे राहतात. आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे, कृपया नीट वाचा. एप्रिल-मे मध्ये बाकीचं पात्र कोरडं पडतं तेव्हा दोन्ही बाजूंचे मासे जीव वाचवायला डोहात येऊन थांबतात. जूनमध्ये पहिला पूर आला की तेच वर चढतात, नाल्या-ओढ्यांत अंडी घालतात आणि सगळ्या पट्ट्याला मासे मिळतात. शेतकरी जसं पुढच्या वर्षाचं बियाणं कणगीत ठेवतो तसा हा डोह आहे. तुम्ही मे महिन्यात, म्हणजे सगळं बियाणं कणगीत असताना, कणगीच फोडणार आहात.

आता तक्रारी.

पहिली, पाहणी झालीच नाही. तक्ता भरणारी व्यक्ती काठावर आली होती, लोकांनी तिला बघितलंय, गाडीतून उतरून दहा मिनिटं थांबून गेली. पाण्यात कोणी उतरलं नाही ते समजू शकते, तुमच्याकडे डायव्हर नाहीत. पण भोयांना विचारायला डायव्हर लागत नाही. गावात भोई समाजाची बरीच घरं आहेत, त्यातल्या एकालाही विचारलेलं नाही.

दुसरी. मी फोटो घेऊन तुमच्या एका कार्यालयात गेले होते, ३१ फोटो, तारीख आणि खोली लिहून, प्रिंट काढून. दोन टेबलांवरून तिसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथे मला विचारलं, “मॅडम, तुमचं शिक्षण समुद्राचं ना? मग नदीत काय काम?” मी शांतपणे सांगितलं की ही नदी समुद्रालाच जाते. अर्ज आवकमध्ये घेतला, शिक्का मिळाला, त्यालाही आता महिना होत आला, उत्तर नाही. मी रागाने लिहीत नाहीये, त्या माणसावर कामाचा किती बोजा असेल ते दिसत होतं, पण उत्तर तर द्यायला पाहिजे ना.

तिसरी गोष्ट वाळूची. किती ब्रास निघणार, कुठे जाणार, कोण मोजणार, हे प्रस्तावात कुठेच नाही. मी कोणावर आरोप करत नाही, मी फक्त विचारतेय की हे लिहिलेलं का नाही.

चौथी, आणि ही सांगताना मला त्रास होतो. खडकाच्या कपारीत तंगूसच्या जुन्या जाळ्यांचा गुंता अडकलाय. फाटलेली, टाकून दिलेली जाळी. कोणी ओढत नाही तरी ती मासे धरतच राहतात, वर्षानुवर्षं, कारण नायलॉन कुजत नाही. जानेवारीत त्यात एक कासव मिळालं. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, ते वर येऊ शकलं नाही. पुढचे दोन्ही पाय गुंतलेले, मान वरच्या दिशेला ताणलेली. मी ते सोडवून काठावर आणलं आणि मावसभावाने लव्हाळ्याजवळ खड्डा करून पुरलं. त्यानंतर पाच डाइव्ह मी फोटो काढलेच नाहीत, फक्त कात्री घेऊन जाळी कापली. दोन गोण्या निघाली, अजून तेवढीच खाली असेल. खोलीकरणाला पैसे आहेत आणि हे काढायला नाहीत?

पाचवी. सुरुंगाचे तोटे टाकून मासे मारणं चालू आहे. रात्री आवाज येतो, सगळ्या गावाला येतो. सकाळी खाली गेलं की तळावर मेलेले मासे पडलेले असतात, बाहेरून एक जखम नाही, पण पोटातली हवेची पिशवी फुटलेली. वर तरंगतात तेवढेच त्यांना मिळतात, बाकीचे खाली तसेच कुजतात. याला १८९७ सालीच कायद्याने बंदी आली होती. आणि हे करणारे आमच्या गावचे भोई नाहीत, हेही लिहून ठेवते, कारण नाव नेहमी त्यांच्यावर जातं.

विसर्जनाबद्दल थोडक्यात. श्रावणात आमच्या खानदेशच्या कानबाई देवीला निरोप द्यायला आमची सगळी भावकी याच काठावर येते, आई नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उतरते, मी लहानपणापासून तिच्या पदराला धरून उतरलेय. त्या नारळाने पाण्याचं काही बिघडत नाही. पण खाली प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मोठ्या मूर्ती आहेत, वर्ष दोन वर्षं झाली तरी तशाच, एक हात वाळूतून वर आलेला मी बघितला आणि मला तिथे थांबवेना. ज्याला आपण डोक्यावर धरून आणतो त्याला असं ठेवायचं नसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचना आहेत यावर, काठावर एक वेगळा हौद करून द्या, लोक ऐकतील, आमच्या गावचे तरी ऐकतील.

मागण्या साध्या आहेत.

तक्त्यातला ‘निरंक’ खोडा आणि पाहणी परत करा, भोई मंडळींना सोबत घेऊन. माझे सगळे फोटो, नोंदी, तारखा मी फुकट देते, माझं नाव नाही टाकलं तरी चालेल. पाहणी होईपर्यंत डोहात पोकलेन उतरवू नका. पूर्वेचा खडक आणि त्याच्यापुढचा वाळूचा उतार, एवढा भाग कायमचा सोडा. गाळच काढायचा असेल तर २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, धरणांच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात उघडा पडणारा गाळ भरपूर आहे, तो काढा, शेतात जाऊ द्या, माझे वडील पहिली ट्रॉली लावतील. आमच्या मोटरींना पाणी पाहिजे हे मला कोणी समजवायला नको, मे महिन्यात केळीची पानं दुपारी कशी मिटतात ते मी बघत मोठी झालेय. पण डोह वाचवून पाणी मिळू शकतं का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, आधी तो विचारा. जून ते ऑगस्ट डोहात आणि त्याला मिळणाऱ्या ओढ्यांत जाळं बंद ठेवा, त्या दिवसांत भोई कुटुंबांना काही ना काही मदत द्या, नाहीतर बंदी कागदावरच राहील. रात्रीची गस्त लावा. उरलेली जाळी काढायला चार दिवस एक कॉम्प्रेसर आणि दोन शिकलेले डायव्हर द्या, तिसरी मी आहेच. आणि माझ्या अर्जाला लेखी उत्तर द्या, हो किंवा नाही.

मी मे अखेरपर्यंत घरीच आहे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पण इथेच असेन. कामावरून दोनदा फोन येऊन गेला, सुट्टी वाढवून घेतलीय. हे वाचणारे जे कोणी गावकरी आहेत त्यांनी येत्या ग्रामसभेला या, भोई बाबा बोलणार आहेत, ते सभेत कधी बोलत नाहीत.

आणि साहेब, मॅडम, तुमच्यापैकी एकाने तरी या. माझ्याकडे एक जास्तीचा मास्क आहे. पोहता येत नसलं तरी चालेल, लव्हाळ्याच्या कडेला कमरेएवढंच पाणी आहे, नुसतं तोंड पाण्यात घालून बघायचं. मरळीची पिल्लं आता बोटाएवढी झालीत, अजून आईसोबतच आहेत. फक्त सकाळी आठच्या आत या, नंतर वारा सुटतो आणि पाणी हलायला लागतं.

आपली,
तापीकाठची एक मुलगी